मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर, वेळ व घड्याळाचा हिशेब

आपल्या मंडळाच्या सभासदांत अशी घरे आता फार थोडी उरली असतील, की ज्या घरातील मुलगा, कन्या, जावई अथवा नातू परदेशी नाही. माझ्या लहानपणी आमच्या बेळगावच्या भुसार पेठेतील व्यापाऱ्याची सोयरीक सांगली, कोल्हापूर व हुबळी एवढ्या टापूत होत असे, आणि सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे सम्मेदशिखरजीची यात्रा. आज त्याच पेढीवर बसून आम्ही न्यू जर्सीतील नातवंडांशी रोज बोलतो. बोलणे सुलभ झाले ही आनंदाची गोष्ट खरी. परंतु त्यामुळे मधले अंतरही कमी झाले, अशी जी एक समजूत आपल्या मनात नकळत रुजते, ती मात्र खरी नव्हे. अंतर आहे तेवढेच आहे, आणि ते तोडावयास लागणारा वेळ तिकिटावर नजर टाकून सहजासहजी उमगत नाही.

स्मरणिका समितीने नेहमीप्रमाणे मजकडे धान्यबाजाराविषयी लेख मागितला होता. समितीची क्षमा मागून मी या वर्षी हा निराळा विषय घेतला आहे. मी मॅट्रिकपलीकडे शिकलेलो नाही व विमानविद्येत माझा कसलाही अधिकार नाही. तथापि हा विषय जितका शास्त्राचा आहे तितकाच हिशेबाचा आहे, आणि हिशेब हा तर आपला पिढीजात धंदा होय. या विषयाकडे वळण्यास घरात घडलेला एक प्रसंग कारण झाला. तो शेवटी सांगेन. तत्पूर्वी हिशेबाचे एकेक कलम क्रमाने पाहू. उदाहरणास मुंबई व न्यूयॉर्क ही दोन विमानतळे घेतली आहेत. कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या कामी येणारा प्रवास हाच.

अंतर म्हणजे कोणते अंतर?

मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ व न्यूयॉर्कचे केनेडी विमानतळ यांतील सर्वांत जवळचे अंतर सुमारे १२,५५० किलोमीटर आहे. आता पेढीतील भिंतीवरचा जगाचा नकाशा पाहा. मुंबईवर पट्टीचे एक टोक व न्यूयॉर्कवर दुसरे टोक ठेवून रेघ ओढली, तर ती अरबस्तान, इजिप्त, अल्जीरिया व मोरोक्को यांवरून जाऊन अटलांटिक महासागर ओलांडते. हीच वाट सरळ, अतएव जवळची, असे कोणीही म्हणेल. वस्तुतः त्या रेघेवरून गेल्यास सुमारे १४,२०० किलोमीटर पडतात. म्हणजे सोळाशे किलोमीटरांहून अधिक वाट फुकट जाते.

असे का व्हावे? नकाशा सपाट आहे व पृथ्वी गोल आहे, हे त्याचे कारण. भोपळ्याच्या मध्याचा घेर मोठा असतो व देठाजवळचा लहान. पृथ्वीचेही तसेच आहे. विषुववृत्तावरील घेर ४०,०७५ किलोमीटर आहे, तर साठ अंश अक्षांशावर तो जवळजवळ निम्मा भरतो. परंतु भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात ही दोन्ही वर्तुळे सारख्याच लांबीची काढलेली असतात. मर्केटर नावाच्या नकाशाकाराने १५६९ साली ही पद्धत प्रचारात आणली. समुद्रावर एकच दिशा धरून जाणाऱ्या खलाशांना ती फार उपयोगी पडली. पण अंतर मोजण्यास ती उपयोगाची नाही.

याची प्रचीती घेण्यास मोठे साहित्य लागत नाही. मी नातीचा शाळेतील पृथ्वीगोल घेतला व पोती शिवावयाच्या सुतळीचा एक तुकडा घेतला. सुतळीचे एक टोक मुंबईवर दाबून धरले, दुसरे न्यूयॉर्कवर नेले आणि सुतळी ताणली. ताणताच ती आपोआप उत्तरेकडे सरकली. मुंबईहून ती वायव्येकडे निघाली, सिंध व कंदहारवरून तुर्कमेनिस्तानात गेली, तेथून कझाकस्तान ओलांडून मॉस्कोजवळ पोहोचली. पुढे फिनलंडचा दक्षिण भाग, स्वीडन, नॉर्वे व आइसलंड यांवरून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाशी आली, आणि लॅब्रॅडॉर व मेन या प्रांतांवरून खाली उतरून न्यूयॉर्कला लागली. वाटेत ती जवळजवळ पासष्ट अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढते. अमेरिकेस जावयास निघालेले विमान मॉस्को व आइसलंडच्या बाजूने का जाते, या प्रश्नाचे उत्तर ती सुतळी देते. गोलावर ताणलेली सुतळी जेथून जाते, तीच सर्वांत जवळची वाट.

वेग व वारा

मोठी प्रवासी विमाने उंचावर गेल्यानंतर तासाला सुमारे ९०० किलोमीटर वेगाने चालतात. १२,५५० ला ९०० ने भागिले असता १३ तास ५६ मिनिटे येतात. परंतु प्रत्यक्षात मुंबईहून न्यूयॉर्कला जाण्यास साधारणतः सोळा तास लागतात, व येण्यास साधारणतः साडेचौदा. वाट तीच आणि विमानही त्याच जातीचे. मग दीड तासाचा फरक कोठून आला?

याविषयी एक चुकीची समजूत मी अनेक शिकलेल्या मंडळींच्या तोंडूनही ऐकली आहे. ती अशी, की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेस जाणाऱ्या विमानाखालून जमीन सरकते व त्याचा प्रवास लवकर आटोपतो. तसे असते तर जाणे सोपे व येणे अवघड झाले असते. प्रत्यक्ष अनुभव अगदी उलट आहे. पृथ्वीबरोबर तिच्यावरील हवाही फिरते, व विमान हवेत चालते. म्हणून पृथ्वीच्या नुसत्या फिरण्याचा लाभ किंवा तोटा विमानास होत नाही. चालत्या आगगाडीच्या डब्यात आपण इंजिनाकडे चाललो काय किंवा मागे चाललो काय, पावले तेवढीच पडतात, तसाच हा प्रकार.

फरक पडतो तो वाऱ्याने. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, उत्तरेकडील देशांवरून, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे वेगवान प्रवाह वाहत असतात. हिवाळ्यात त्यांचा जोर विशेष असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये वॉशिंग्टनहून लंडनला निघालेल्या एका प्रवासी विमानाचा जमिनीशी मोजलेला वेग, अशा वाऱ्याच्या साहाय्याने, तासाला १,२८० किलोमीटरांच्याही वर गेला होता. नदीत प्रवाहाबरोबर जाणारी नाव व प्रवाहाविरुद्ध जाणारी नाव यांत जो फरक, तोच येथे समजावा.

आपण हिशेब मांडून पाहू. संपूर्ण वाटेवर सरासरी ताशी ५० किलोमीटर वारा आहे असे धरले, तर जाताना विमानाचा जमिनीवरील वेग ८५० होईल व १४ तास ४६ मिनिटे लागतील. येताना तो ९५० होईल व १३ तास १३ मिनिटे लागतील. फरक १ तास ३३ मिनिटांचा. धावपट्टीपर्यंत जाणे, उंच चढणे, उतरण्यासाठी रांगेत घिरट्या घालणे व थोडाफार वळसा, यांसाठी दोन्ही बाजूंस सव्वा तास मिळविला, की सोळा व साडेचौदा हे आकडे बरोबर मिळतात.

यात व्यापाऱ्याने लक्षात घेण्याजोगी एक बारीक गोष्ट आहे. वारा जाताना जेवढा अडवितो तेवढाच येताना ढकलतो. तेव्हा दोन्ही मिळून वजाबाकी शून्य व्हावी, असे वाटते. परंतु वरील दोन वेळांची बेरीज २७ तास ५९ मिनिटे होते, आणि वारा मुळीच नसता तर ती २७ तास ५३ मिनिटे झाली असती. सहा मिनिटे तूट आली. शंभर रुपयांच्या मालावर दहा टक्के सूट दिली व उरलेल्या नव्वदांवर दहा टक्के चढविले, तर शंभर परत येत नाहीत, नव्याण्णवच येतात. तशातलीच ही तूट. कारण उलट्या वाऱ्यात विमान अधिक वेळ राहते व सुलट्या वाऱ्यात कमी वेळ राहते. म्हणूनच विमान कंपन्या दररोज वाऱ्याचा अंदाज पाहून वाट आखतात; जाताना प्रवाह चुकवितात व येताना त्यात शिरतात. सुतळीची वाट ही त्यांची मूळ किंमत समजावी. प्रत्यक्ष व्यवहार त्या दिवसाच्या वाऱ्याप्रमाणे ठरतो.

वाहून न्यावयाचे इंधन

पूर्वीच्या काळी बैलांच्या तांड्यावर धान्य जाई तेव्हा एक अडचण असे. वाट फार लांबली, की बैलांची वैरण बैलांनाच वाहावी लागे, आणि वैरण जितकी अधिक तितके धान्य कमी. विमानाचीही हीच अडचण आहे. या लांबच्या मार्गावर चालणाऱ्या बोइंग ७७७ जातीच्या मोठ्या विमानाच्या टाक्यांत सुमारे १,८१,००० लिटर इंधन मावते. त्याचे वजन जवळजवळ १४५ टन, म्हणजे १,४५० क्विंटल भरते. आपल्या भाषेत सांगावयाचे तर पंधरा टनी ट्रक जवळजवळ दहा. त्या विमानाचे उड्डाणाच्या वेळचे एकूण वजन साडेतीनशे टनांच्या आसपास असू शकते. म्हणजे वजनाचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग निव्वळ वैरणीचा. त्यातील पहिल्या काही तासांचे इंधन तर पुढचे इंधन वाहून नेण्यातच खर्ची पडते.

याच कारणास्तव अशा प्रवासाला मध्ये थांबे घ्यावे लागत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपाल आणले, तेव्हा विमान ते एकटेच चालवीत होते. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघाले, ते कैरो व जिनिव्हा येथे उतरून गेले. १४ मे १९६० रोजी न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली, तीही लंडनमार्गेच. न थांबता मुंबईहून थेट न्यूयॉर्क गाठणारी एअर इंडियाची सेवा सुरू होण्यास १ ऑगस्ट २००७ उजाडावा लागला. सिंगापूरहून न्यूयॉर्कला विमाने थेट जातात व त्यांची वाट १५,३०० किलोमीटरांहून अधिक, वेळ अठरा तासांहून अधिक भरतो. यावरून या विद्येने केलेली प्रगती ध्यानात येईल.

परंतु वैरण मोजून घेतलेली असली, की वळसा सोसत नाही. आपल्या सुतळीच्या वाटेवर पाकिस्तान, अफगाणिस्तान व रशिया हे देश येतात. आकाशालाही सीमा असतात व त्या बंद करता येतात, हे गेल्या काही वर्षांत आपण पाहिले. २०१९ साली २७ फेब्रुवारीपासून १६ जुलैपर्यंत पाकिस्तानने आपले आकाश बंद ठेविले, तेव्हा २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियास ४९१ कोटी रुपयांचा भुर्दंड पडला, असे सरकारने राज्यसभेत सांगितले होते. २०२२ साली युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर रशियाने अमेरिका व युरोपातील कंपन्यांस आपल्या आकाशातून जाण्यास मनाई केली. भारतीय कंपन्यांवर ती मनाई नव्हती. पुढे २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांस पुन्हा आकाश बंद केले व मुदत महिन्यामहिन्याने वाढवीत नेली. तेव्हा दिल्लीहून पश्चिमेस जाणारी विमाने गुजरातपर्यंत खाली येऊन अरबी समुद्रावरून जाऊ लागली, आणि अमेरिकेस जाणाऱ्या काही विमानांस व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनासाठी उतरावे लागले. तात्पर्य, मागील वर्षी अमुक तास लागले म्हणून या वर्षीही तितकेच लागतील, असे धरून चालू नये. बाजारभावाप्रमाणे हाही आकडा त्या त्या दिवशी विचारून घ्यावा.

दोन घड्याळे

आता सर्वांत घोटाळ्याचे कलम. विमानाच्या तिकिटावर निघण्याची वेळ ही निघण्याच्या गावची छापलेली असते, आणि पोहोचण्याची वेळ ही पोहोचण्याच्या गावची. दोन्ही एकाच ओळीत, एकाच अक्षरात असल्याने वाचणाऱ्यास त्या एकाच घड्याळाच्या वाटतात.

भारताची प्रमाणवेळ पूर्वेकडील साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून ठरविलेली आहे, व न्यूयॉर्कची हिवाळी वेळ पश्चिमेकडील पंचाहत्तर अंशांवरून. दोन्हींची बेरीज साडेएकशेसत्तावन्न. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते; म्हणून १५७½ ला १५ ने भागिले की साडेदहा तास येतात. तितकी आपली घड्याळे पुढे आहेत. उन्हाळ्यात अमेरिकेत घड्याळ एक तास पुढे करतात. २००७ सालापासून हा नियम मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत चालतो. त्या अवधीत फरक साडेनऊ तासांचा होतो.

दोन घड्याळांचा घोटाळा आपल्याकडेही नवा नाही. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली तरी मुंबई शहरात जुनी ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत वापरात होती, व ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असे. माझे वडील सांगत, की त्या काळी मुंबईच्या व्यापाऱ्याने भेटीची वेळ दिली, की ती रेल्वेची की शहराची, हे प्रथम विचारून घ्यावे लागे. तो चांगला रिवाज होता.

हिवाळ्यातील एक उदाहरण घेऊ. विमान मुंबईहून रात्री १ वाजता निघाले व सोळा तास चालले. आपल्या घड्याळात सायंकाळचे ५ वाजले. त्यातून साडेदहा वजा केले, की न्यूयॉर्कमध्ये त्याच तारखेच्या पहाटेचे साडेसहा. तिकिटावर दिसतात फक्त साडेपाच तास! परतीचे विमान न्यूयॉर्कहून सकाळी ११ वाजता निघाले व साडेचौदा तास चालले. तेथील घड्याळात मध्यरात्रीनंतर दीड वाजला; त्यात साडेदहा मिळविले, की मुंबईत दुसऱ्या दिवशीचे दुपारचे १२. तिकिटावर दिसतात पंचवीस तास.

साडेपाच व पंचवीस हे दोन्ही आकडे खोटे आहेत. पण त्यांची बेरीज खरी आहे. साडेपाच अधिक पंचवीस बरोबर साडेतीस. आणि सोळा अधिक साडेचौदा हेही साडेतीसच. एका बाजूस घड्याळाने जे साडेदहा तास जमा धरले, तेच दुसऱ्या बाजूस नावे पडले. तेरीज जुळली. म्हणून जाण्यायेण्याचे दोन्ही आकडे हाती असतील, तर त्यांची बेरीज करून निम्मे करावे. एका खेपेचा सरासरी खरा वेळ निघतो. फक्त एकच बाजू पाहून हिशेब करू नये. जमाखर्चाचे एकच पान पाहणाऱ्यास नफा कळत नाही, तसेच हे.

लांबलेली रात्र

सूर्यास्तानंतर भोजन न करण्याचा नियम ज्यांचा आहे, त्यांनी एक गोष्ट आधीच ध्यानी घ्यावी. साठ अंशांच्या वर पृथ्वीचे फिरणे तासाला ८३५ किलोमीटरांहून कमी असते, व विमान ९०० ने पश्चिमेस चाललेले असते. त्यामुळे रात्र विमानाबरोबरच चालते. डिसेंबरात वरील वेळी निघालेल्या प्रवाशाचा सूर्य मुंबईत सायंकाळी सहाच्या सुमारास मावळतो, आणि पुन्हा उगवतो तो न्यूयॉर्कमध्ये सव्वासातच्या सुमारास. म्हणजे आपल्या घड्याळात दुसऱ्या दिवशीचे पावणेसहा. रात्र जवळजवळ चोवीस तासांची होते. येताना उलट प्रकार. निघाल्यावर तीन तासांच्या आसपास सूर्य मावळतो व आठ-नऊ तासांत रात्र संपते. वृद्धांनी व औषधे चालू असणाऱ्यांनी आपला नियम कसा पाळावयाचा, याचा विचार घरीच, वडीलधाऱ्यांशी व वैद्यांशी बोलून करावा. बहुतेक कंपन्या जैन भोजन देतात. परंतु ते एक-दोन दिवस आधी सांगून ठेवावे लागते.

घरचा प्रसंग

आता ज्यासाठी हा लेख लिहिला ते सांगतो.

चार वर्षांपूर्वी डिसेंबर महिन्यात, एका शनिवारी पहाटे सहा वाजता, माझे थोरले बंधू वारले. आम्ही त्यांस अण्णा म्हणत असू. त्यांचा थोरला मुलगा न्यू जर्सीत नोकरीस आहे. त्यास फोन केला तेव्हा तेथे शुक्रवारची सायंकाळ होती. तासाभराने त्याचा उलट फोन आला : “काका, तिकीट मिळालं. शनिवारी सकाळी अकराला विमान सुटतं, साडेचौदा तास लागतात. मी येईपर्यंत थांबाल ना?” मी म्हटले, “थांबू.”

घरात पुरुष मंडळी जमली होती. मी कागद घेतला व सर्वांसमक्ष हिशेब केला. सकाळचे अकरा, अधिक साडेचौदा, म्हणजे रात्रीचा दीड. मुंबईहून बेळगावास मोटारीने दहा तास. रविवारी दुपारी बारापर्यंत मुलगा दारात येईल. बर्फाची सोय केली. नातेवाइकांस रविवारी दुपारी एकची वेळ कळविली. मुंबईस मोटार पाठविली ती रात्री एकच्या सुमारास पोहोचेल अशी.

रविवारी बारा वाजता अंगणात दोनशे माणसे उभी होती. तेव्हा फोन वाजला. “काका, आत्ताच मुंबईत उतरलो.”

मी मिळविलेला दीड न्यूयॉर्कच्या घड्याळातील होता. साडेदहा तास मी धरलेच नव्हते. पोराने वेळ बरोबर सांगितली होती. विमानही वेळेवर आले होते. चूक माझ्या बेरजेत होती. चाळीस वर्षे ज्याच्या खतावणीत पैशाची चूक निघाली नाही, त्याच्या बेरजेत.

मोटारीने तो रात्री दहा-अकराच्या आत येणे शक्य नव्हते. सूर्यास्त सहाला. देह आधीच दीड दिवस ठेविलेला. वहिनींकडे पाहिले. त्या एवढेच म्हणाल्या, “भाऊजी, आता नेऊ या.” धाकट्या मुलाने अग्नी दिला. थोरला त्या वेळी पुण्याच्या अलीकडे कोठेतरी मोटारीत बसून फोनवर ऐकत होता. रात्री साडेअकराला तो आला, तेव्हा अंगण धुऊन झाले होते. त्याने मला एक शब्दही बोलून दाखविला नाही. बोलला असता तर बरे वाटले असते.

शनिवारी सकाळीच खरा हिशेब मांडला असता, तर रविवारी बाराला मुंबईत उतरणार हे कळले असते. मुंबईहून पुढे दुपारच्या एखाद्या विमानाची सोय करून, कदाचित, त्यास सूर्यास्तापूर्वी आणता आले असते. ते जमणारे नसते तर शनिवारीच तसे स्पष्ट सांगून क्रिया उरकली असती, व दोन दिवस खोट्या आशेवर कोणी बसले नसते. दोन्हींपैकी काहीही चालले असते. झाले ते मात्र चालण्यासारखे नव्हते.

सभासदांस विनंती

ज्यांच्या घरची माणसे दूरदेशी आहेत त्यांनी पुढील गोष्टी एका कागदावर लिहून दूरध्वनीजवळ अथवा रोजमेळाच्या शेवटच्या पानावर ठेवाव्यात.

१. कोणी विमानाची वेळ सांगितली, की प्रथम विचारावे : ही वेळ कोणत्या गावची?

२. न्यूयॉर्कची वेळ भारतीय करावयाची तर हिवाळ्यात साडेदहा तास व उन्हाळ्यात साडेनऊ तास मिळवावे, आणि मध्यरात्र ओलांडली तर तारीख बदलावी. आधी वेळ बदलावी, मग प्रवासाचे तास मिळवावे. सकाळचे अकरा म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ. अधिक साडेचौदा, म्हणजे दुसऱ्या दिवशीचे दुपारचे बारा. एवढे दोन आकडे मी मिळविले असते तर पुरे होते.

३. पोहोचण्याची वेळ व तारीख वेगळी विचारून घ्यावी, व आपल्या हिशेबाशी ताडून पाहावी. दोन मार्गांनी एकच उत्तर आले तरच ते खरे मानावे.

४. विमान उतरल्यावर पारपत्र तपासणी व सामान यांत दीड-दोन तास जातात. पुढील गाडी अथवा विमान त्यानंतरचे धरावे.

५. लग्नकार्य असो वा दुःखाचा प्रसंग असो, हा हिशेब एकट्याने करू नये. दुसऱ्याकडून तपासून घ्यावा. दुःखात असलेल्या माणसाची बेरीज चुकते.

आमच्या पेढीवर आता दोन घड्याळे आहेत. एक आपल्या वेळेचे, दुसरे न्यूयॉर्कच्या. मार्चच्या दुसऱ्या रविवारी व नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी दुसऱ्या घड्याळाचा काटा मी स्वतः फिरवितो. ते काम दिवाणजींवर सोपवीत नाही. गिऱ्हाइके विचारतात, शेटजी, हे घड्याळ चुकीचे का? मी त्यांस सांगतो, ते चुकीचे नाही, ते माझ्या पुतण्याच्या घरचे आहे.

कोणा एका सभासदाच्या घरी जरी हा कागद वेळेवर कामी आला, तरी स्मरणिकेची ही पाने कारणी लागली असे मी समजेन. इत्यलम्.